फिलू, आतमध्ये वायंडिंग आहे!

फिलू, शनिवारी दुपारी आपण गॅलरीत चटईवर बसलेलो. तुझी गिटार उताणी माझ्या मांडीवर, आणि तू भिंतीला टेकून. तुझी बोटं आखडलेली, म्हणून खुंट्या मी पिळायच्या आणि ऐकायचं तू, अशी आपली वाटणी. "अजून. अजून थोडं. बस. बस म्हटलं ना सदा! मोटार आवळतोयस का?" मी म्हटलं, मग तूच ये आणि पीळ. तू हसलीस. नव्या तारा होत्या, नायलॉनच्या. आवळल्या की पाच मिनिटांत परत ढिल्या. मी वैतागलो. तू म्हणालीस, "नायलॉन ताणत राहतं रे. चार दिवस रुसेल, मग बसेल जाग्यावर. ठेव आता, चहा टाक." चहा मी टाकला, साखर तू दोनदा घातलीस आणि त्यावरून आपण भांडलो. एवढंच. रविवारी तू गेलीस.

कशी गेलीस, कुठल्या हॉस्पिटलात नेलं, डॉक्टर काय बोलला, ते मी इथे लिहिणार नाही. ज्यांना माहीत पाहिजे त्यांना माहीत आहे. मला तुला दुसरंच सांगायचंय, आणि ते सांगायला मी एवढा उतावीळ झालोय की चौथीत शाळा सोडलेला माणूस पेन घेऊन बसलाय. शुद्धलेखन आपली लेक बघेल, रीना. ती तुझ्यासारखी हसणार नाही, गुपचूप दुरुस्त करेल.

तुला ठाण्याला माती देऊन आलो, त्याच्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. आपल्या डोंबिवलीच्या घरी तुझा भाऊ पास्कल आलेला, रीना कल्याणहून आलेली. तुझ्या साड्या मी तोपर्यंत देऊनसुद्धा टाकलेल्या. साडी काय, घडी करून कपाटात पडते, बोलत नाही. पण पास्कलने गिटारींचा विषय काढला आणि माझं डोकं फिरलं.

तीन गिटारी. तुझी नायलॉनवाली, जी तुझ्या बापाने तुला दिली आणि लग्न करून येताना तू खांद्यावर टाकून आणलीस. आमच्या आईने विचारलेलं, हे काय आणलंय गं पोरी, तंबोरा? दुसरी चर्चच्या क्वायरची बॉक्स गिटार, लोखंडी तारांची, जी तुझी मैत्रीण ल्युसी रविवारी वाजवायची पण ठेवायची आपल्याकडे, कारण तिच्या घरी ओल. आणि तिसरी पास्कलची लाल इलेक्ट्रिक. लग्नांत वाजवायचा त्याचा बँड मोडला तेव्हा आपल्या कॉटखाली सरकवून गेला, तो परत न्यायला आलाच नाही. तुझी बोटं बिघडल्यापासून ह्या दोघींच्या तारा कोणी बदलल्याच नाहीत, गंजून लालभडक झालेल्या. फक्त तुझी तेवढी तयार होती, तीही अजून रुसलेली.

रीना म्हणाली, "बाबा, ज्यांना वाजवता येतात त्यांना देऊन टाकूया. तुम्हाला त्यातलं काय कळतं?"

"एकसुद्धा गिटार घराबाहेर जाणार नाही," मी ओरडलो.

"मग काय भिंतीवर टांगून हार घालणार?" पास्कल म्हणाला. त्याचं तोंड तुला माहीत आहे. "भावजी, गंजक्या तारांची गिटार म्हणजे खोकं. महिना झाला की चर्चमध्ये ताईसाठी मिस्सा आहे, त्या प्रार्थनेला तिन्ही आणा वाजत्या. आणल्यात तर त्या तुमच्या, आम्ही परत विषय काढणार नाही. नाहीतर मी कीबोर्डवाल्याला सांगतो."

तुझ्या मिस्साला कीबोर्ड! भाड्याचा! मी म्हटलं, "लागली पैज."

आता तू म्हणशील, सदा, तुला तारेतलं कळतं तरी काय. हेच तर आपलं भांडण, लग्नापासूनचं. मी वायंडिंगवाला. पंखे, पंप, मिक्सर, जळालेली मोटार आणा, जुनं तांबं काढून नवं भरून देतो. हातात तार घेतली की डोळे मिटून नंबर सांगायचो. आणि तू म्हणायचीस, "तुझ्या पंख्याच्या तारेचा आणि माझ्या तारेचा काही एक संबंध नाही." मी म्हणायचो, तार म्हणजे तार. नवीन नवीन असताना तुझी एक तार तुटली तर मी दुकानातून तांब्याची आणून लावलेली. आवळली तशी ती लांबच होत गेली, शेवयीसारखी. तू एवढी हसलीस की शेजारची बघायला आली. मग दर वेळी नवा वाद. लोखंडी घाल, वर्षभर टिकेल, मी म्हणायचो. "लोखंडी घातली तर तारा बांधलेला ब्रिज उपटून तुझ्या तोंडावर येईल," तू म्हणायचीस. "ही गिटार हलक्या हाडाची आहे. तिला तेवढा ताण झेपत नाही." मला वाटायचं, नखरे.

तर गेलो ठाण्याला. टेंभी नाक्याच्या मागच्या गल्लीत वाद्यांचं दुकान आहे, जिथे तू आत जायचीस आणि मी बाहेर भजी खात उभा राहायचो. पहिल्यांदा आत गेलो. गल्ल्यावर एक बाई, चष्मा कपाळावर.

"कुठली गिटार आहे काका?"

"दोन आहेत. दोन्ही लोखंडी तारांच्या."

"हो, पण कुठल्या?"

"ताई, तारेत जन्म गेला माझा. बॉक्सच्या तारा द्या, तेरा नंबरच्या, दोन पाकिटं."

"तेरा? वाजवणार कोण?"

"एक साठीची बाई आणि एक माझा मेहुणा."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला, मला नीट बघितलं आणि पाकिटं दिली. "बसलं नाही तर या परत," एवढंच म्हणाल्या.

मी तेरा का मागितलं, तुला सांगतो, हसू नकोस. आमच्यात नंबर चढला की तार बारीक. वीस नंबर जाड, चाळीस नंबर म्हणजे केस. पाकिटांवर मला नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा दिसलं. म्हटलं ल्युसीची बोटं म्हातारी, पास्कलचा हात सुटलेला, तर सगळ्यात बारीक घेऊया. म्हणून तेरा! आणि गिटारीत सगळं उलटं निघालं. इथे नंबर म्हणजे जाडी. नऊ बारीक, तेरा म्हणजे दोरखंड.

ते मला कळलं ल्युसी आली तेव्हा. तिने बॉक्स गिटार मांडीवर घेतली, बोटं दाबली आणि हात झटकला. "अगो बाय, सदाभाऊ, ह्या तारा हायेत का कुंपण?"

पास्कलचं त्याहून वाईट. त्याने लाल गिटार त्याच्या आवाजाच्या डब्याला जोडली, वाजवली. खालच्या दोन बारीक तारा किंचाळल्या आणि वरच्या चार जाड्या झोपल्यासारख्या. आवाज मोठा केला तर बारीक अजून किंचाळल्या, जाड्या तशाच. पास्कल हसायला लागला. "भावजी, हरलात. बॉक्सच्या तारा इलेक्ट्रिकला घातल्यात तुम्ही."

"लोखंड ते लोखंड. काय फरक पडतो?"

"पडतो."

"का पडतो?"

"मला काय माहीत? मी वाजवतो."

हे उत्तर मला चालत नाही, तुला माहीत आहे. मी हत्यारांच्या पेटीतलं लोहचुंबक आणलं. बारीक तारेजवळ नेलं तर तार टुणकन चिकटली. जाड तारेजवळ नेलं तर आली, पण लाजत लाजत. नखाने खरवडली. वरून सगळी पितळेची गुंडाळी, आत लोखंडाची काडी. पितळ चुंबकाला ओळखत नाही, फक्त आतली काडी ओळखते. पण गिटारीला चुंबकाचं काय पडलंय? मी तारांखाली बघितलं. तिथे एका पट्टीत सहा लोखंडी ठिपके, एकेका तारेखाली एकेक.

"हे काय रे?"

"पिकप. हेच आवाज उचलतं."

"माइक आहे?"

"माइक नाही. तार हललेली त्याला समजते म्हणे."

मी तारा ढिल्या केल्या, स्क्रू काढले, पट्टी उचलली, वरचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. आणि फिलू! अगं फिलू! आत कॉइल! केसाएवढी बारीक तांब्याची तार, बॉबिनवर हजारो वेढे, मध्ये चुंबक! वायंडिंग! माझं वायंडिंग! लोखंडी तार चुंबकावर थरथरते, त्याने कॉइलमध्ये करंट येतो, तो करंट डब्यात जातो आणि गाणं होतं. म्हणून पितळेची गुंडाळी चालत नाही, वरपासून आतपर्यंत चुंबकाने ओळखायला पाहिजे. म्हणून नायलॉन घातली तर इलेक्ट्रिक मुकी. जन्मभर मी जे केलं त्याच्यावरच ही गिटार चालते, आणि ती कुठे होती, तर आपल्याच कॉटखाली!

मी उठलो आणि स्वयंपाकघराकडे वळून ओरडलो, "फिलू, इकडे ये, आतमध्ये वायंडिंग आहे!"

तोंडातून गेलं. ल्युसीने पदर डोळ्याला लावला. पास्कल लाल गिटारीकडे बघत बसला. मग म्हणाला, "ताईला माहीत होतं भावजी. बँडच्या दिवसांत हे एकदा बिघडलेलं तेव्हा तिनेच उघडून बघितलेलं. मी म्हटलं, भावजींना दाखवूया. तर म्हणाली, नको."

फिलू, का नको? मला एवढंच विचारायचंय. मला चिडवायला दुसरं काही उरलं नसतं म्हणून? का मी एकदा आत शिरलो असतो तर तुझ्या प्रत्येक गिटारीला पक्कड लावली असती म्हणून? लावली असती, खरं आहे. का सांगायचं राहूनच गेलं? तू कधीतरी सांगणार होतीस का गं? भांडण माझ्या बाजूने सुटलं आणि समोर कोणी नाही, ही काय पद्धत झाली.

पण त्या दिवशी मला दुःख करायला फुरसत नव्हती. मला परत ठाण्याला जायचं होतं!

दुसऱ्या खेपेला मी दुकानात शिरलो तो चुंबक खिशात घेऊन. बाईंना आधीच सांगितलं, "ताई, मी गाढव होतो. आता विचारा काय विचारायचं ते." त्या हसल्या आणि स्टूल दिलं. मग आमचं जे चाललं ते तू बघायला पाहिजे होतंस. इलेक्ट्रिकला निकेलच्या गुंडाळीच्या, नऊ नंबर. तार बोटाने ओढून सूर वाकवायची पास्कलला सवय, तर बारीकच पाहिजे. बाईंनी एक सुटी तार काढून दिली, मी चुंबक लावलं, तर जाड असूनसुद्धा खाडकन चिकटली. बाई म्हणाल्या, "एवढी वर्षं दुकानात बसतेय, तारेला चुंबक लावून घेणारं गिऱ्हाईक पहिलंच."

बॉक्सला अकरा नंबर, ल्युसीसाठी. पण त्यात दोन जाती निघाल्या, एक पिवळी, एक तांबूस. बाईंनी दोन गिटारी भिंतीवरून उतरवल्या आणि दोन्हींवर तेच वाजवलं. मी डोळे मिटले. पिवळीचा आवाज लखलखीत, नवं स्टीलचं ताट असतं तसा. तांबूस तारेचा जरा खालचा, भरलेला, पोटातून आलेला. फिलू, मला कळला! मला फरक कळला! तू म्हणायचीस ना, ह्याच्या कानात तांबं भरलंय. नाही भरलेलं. तुला भांडी पडल्यासारखा आवाज आवडायचा नाही, म्हणून मी तांबूसवर बोट ठेवलं. आपल्याकडे खाडीची हवा, तारा गंजतात, तर बाईंनी वरून पातळ थर चढवलेल्या दाखवल्या. मी म्हटलं, म्हणजे आमच्या तांब्याला इनॅमल असतं तसं! द्या, द्या, त्याच द्या.

मग बाईंनी विचारलं, नायलॉनवालीला काय घातलंय. तुझं रिकामं पाकीट माझ्या शर्टाच्या खिशात होतं, ते दाखवलं. त्यांनी वाचलं. "कमी ताणाच्या. ह्या कोणी निवडल्या?"

"बायकोने. गेली ती."

त्यांनी पाकीट नीट घडी करून परत दिलं. मग म्हणाल्या, "बोटं दुखायला लागली की लोक वाजवणं सोडतात. ह्या तारा तोच घेतो ज्याला सोडायचं नाही."

बाहेर येऊन मी टेंभी नाक्यावर उभा राहिलो. माणसं, रिक्षा, हॉर्न, कोणी धक्का दिला, कोणी काका बाजूला व्हा म्हणालं. मला वाटलेलं तू दमली होतीस. सगळे म्हणाले, दमलेली होती बिचारी, सुटली. कसली सुटली! तू अजून वाजवणार होतीस. नव्या जातीच्या तारा आणून बसलेलीस आणि त्या माझ्याकडून आवळून घेत होतीस. मी तिथे रडलो आणि मला एवढा आनंद झाला की काय सांगू. हे दोन्ही एकदम होतं हे मला कोणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

मिस्साच्या दिवशी मी नेहमीसारखा मागच्या बाकावर बसलो नाही. क्वायरच्या शेजारी बसलो, खिशात पक्कड घेऊन. फादरने बघितलं आणि मिस्सा सुरू केला. ल्युसीच्या बोटांना त्रास झाला नाही. पास्कलने लाल गिटार एवढ्या हळू वाजवली की मला वाटलं बिघडली, पण तो मुद्दाम तसा वाजवत होता. तुझी गिटार रीनाकडे. लहानपणी तू तिला शिकवलेलं, पण लग्नानंतर तिने हातात घेतलेली नव्हती. आधी नको नको म्हणाली, मी म्हटलं, तिन्ही वाजल्या पाहिजेत असं ठरलंय, पैज माझी आहे, तू घे.

आणि वाजल्या गं. जन्मभर मला गिटार म्हणजे एक आवाज. त्या दिवशी मी तिघी वेगळ्या ऐकल्या. ल्युसीची मागून चाल धरणारी, पास्कलची लांब ओढलेली, आणि मध्ये तुझी, गोल, बुटकी, लगेच विझणारी. ती विझते म्हणून तर परत ऐकावीशी वाटते. प्रसादानंतर रीनाला एकटीला वाजवायचं होतं. ती चुकली. थांबली. मला वाटलं आता उठते. ती परत पहिल्यापासून सुरू झाली, ओठ आवळून, रागाने, आणि पुरं केलं. मी टाळी वाजवली. चर्चमध्ये वाजवतात का नाही माहीत नाही, मी वाजवली. मग पास्कलने वाजवली.

बाहेर आल्यावर पास्कल म्हणाला, "जिंकलात भावजी. तिन्ही तुमच्या. शब्द म्हणजे शब्द."

"मग! तारेत जन्म गेलाय माझा."

"तेरा नंबर!" तो म्हणाला, आणि ल्युसी एवढी हसली की कठड्याला धरून उभी राहिली.

रीना हसत नव्हती. ती पायरीवर बसून तुझी गिटार कव्हरमध्ये घालत होती. म्हणजे घालत नव्हतीच. चेन अर्धी ओढायची, परत उघडायची, एखाद्या तारेला बोट लावायची, कान खाली नेऊन ऐकायची. तिच्या बोटांच्या टोकांना लाल वळ उठलेले. शेवटी चेन लावली आणि माझ्या हातात दिली. "सांभाळा बाबा," म्हणाली, आणि पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. त्या पर्समध्ये काही हरवलेलं नव्हतं.

घरी येऊन मी तिन्ही आपल्या जागी ठेवल्या. जिंकलेल्या माणसाने झोपायला पाहिजे, मी झोपलोसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ केली, इस्त्रीचा शर्ट घातला, तुझी गिटार खांद्याला लावली आणि नाक्यावरून कल्याणची रिक्षा धरली. रिक्षावाला म्हणाला, "काका, प्रोग्राम आहे काय?" म्हटलं, तू पुढे बघून चालव. गिटार मांडीवर आडवी धरलेली, खड्डा आला की आतून सगळ्या तारा एकदम हुंकार द्यायच्या.

रीनाच्या दाराची बेल वाजवली. तिने दार उघडलं, हाताला कणीक, आधी माझ्याकडे बघितलं आणि मग माझ्या खांद्याकडे.

मी म्हटलं, "पैज मी जिंकलोय. आता कोणाला द्यायची ते मी ठरवणार. हात धुऊन ये."